घड्याळ लावा, मग मिसळा : अस्फटिक कॅल्शियम कार्बोनेट बनवायची आणि त्यात औषध भरायची माझी रीत

पहिले चार महिने मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बसून चुनखडी बनवली. शुद्ध, पांढरीशुभ्र, महागड्या रसायनांपासून बनवलेली चुनखडी. बनवायचं होतं अस्फटिक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे एसीसी, आणि एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणाऱ्या तपासणीचा) आलेख दर वेळी एकच उत्तर द्यायचा: कॅल्साईट. आता या कामात पाच वर्षं गेली. दर जुलैत एम.फार्म.चा कुणीतरी नवा विद्यार्थी दारात येतो आणि म्हणतो, "ताई, सरांनी एसीसी करायला सांगितलंय. पेपरात तर दोनच ओळींची कृती आहे." त्या दोन ओळींमध्ये काय काय सांडतं, ते आज सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात, हे आहे काय. संगमरवर, शिंपला, चुनखडीचा दगड, सगळ्यांचं सूत्र एक. फरक आयनांच्या मांडणीचा. कॅल्साईट, ॲरागोनाईट आणि व्हॅटेराईट ही तीन निर्जल स्फटिकरूपं. एसीसीत लांबवर पोचणारी मांडणीच नसते. आयन आपल्या लगतच्या शेजाऱ्यांना ओळखतात, त्यापलीकडे नुसती जत्रा. शिवाय प्रत्येक कॅल्शियममागे साधारण एक पाण्याचा रेणू आत कोंडलेला असतो. अशी अवस्था टिकाऊ नसते, आणि नेमकी म्हणूनच ती कामाची. २५ अंशांना कॅल्साईटचा विद्राव्यता गुणाकार (हा जितका मोठा, तितकं पाण्यात जास्त विरघळतं) साधारण ३.३ गुणिले दहाचा उणे नववा घात. एसीसीचा ४ गुणिले दहाचा उणे सातवा. म्हणजे शंभरपटीहून जास्त. आम्लात तर ते बघता बघता विरघळतं. कर्करोगाच्या गाठीच्या आसपासचा भाग रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतो, आणि पेशीच्या आतल्या लायसोसोममध्ये पीएच ४.५ ते ५ इतका खाली जातो. रक्तात औषध धरून ठेवायचं आणि तिथे पोचल्यावर सोडायचं, ही सगळी कल्पना या एका गुणावर उभी आहे. मागे उरतात कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साईड. दोन्ही शरीराला परके नाहीत.

आमच्या गुहागरकडच्या माणसाला कात टाकलेला मऊ खेकडा नवीन नाही. खेकड्याच्या कवचात कॅल्साईटबरोबर एसीसीही असतं. पण याचा खरा साठेबाज म्हणजे गोड्या पाण्यातला क्रेफिश. कात टाकण्याआधी तो पोटात गॅस्ट्रोलिथ नावाच्या दोन गोट्यांत एसीसी साठवून ठेवतो आणि नंतर ते विरघळवून नवं कवच कडक करतो. जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की ते स्फटिक होऊ नये म्हणून तो ग्लायकोलिसिसमधली दोन फॉस्फेटयुक्त संयुगं वापरतो: फॉस्फोइनॉलपायरुवेट आणि ३-फॉस्फोग्लिसरेट. साखर जाळताना पेशीत जे तयार होतंच, तेच. हे लक्षात ठेवा. पुढे बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, निवडताना फॉस्फेट पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा ते मित्र नसेल.

आता कामाला लागू.

कपाटातल्या बरण्यांपासून सुरुवात

दोन द्रावणं हवीत, दोन्ही ०.१ मोलर. एक कॅल्शियम क्लोराईडचं, एक सोडियम कार्बोनेटचं. इतकं सोपं, आणि माझा पहिला महिना इथेच गेला. स्टोअरमधून आणलेल्या कॅल्शियम क्लोराईडच्या बरणीवर 'फ्यूज्ड' लिहिलं होतं. ते डेसिकेटरमध्ये ओलावा शोषायला ठेवायचं असतं, वजन करून द्रावण बनवायला नव्हे. निर्जल रूपाचा रेणूभार १११, डायहायड्रेटचा १४७. कृतीतलं १.४७ ग्रॅम मी फ्यूज्डमधून घेतलं आणि कॅल्शियम जवळजवळ एक तृतीयांश जास्त पडलं. आणि तेही बरणी किती दिवस अर्धवट उघडी होती यावर अवलंबून. म्हणून लेबल वाचा. डायहायड्रेट घ्या, १०० मिलिलिटरला १.४७ ग्रॅम. सोडियम कार्बोनेट निर्जल घ्या, १०० मिलिलिटरला १.०६ ग्रॅम. पाणी ताजं डिस्टिल्ड, किंवा मिळालं तर मिलिक्यूचं. नळाच्या पाण्यानं बीकर धुऊन तसंच वापरू नका. आमच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं, काचेवर पांढरे ओघळ दिसतात, आणि ते ओघळ म्हणजे तुम्हाला नको असलेल्या स्फटिकाचं बियाणं. बीकर आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानं खंगाळा, मग डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा. जुन्या, ओरखडे पडलेल्या बीकरला या कामातून रजा द्या.

दोन्ही द्रावणं गाळून घ्या आणि बर्फात किमान अर्धा तास ठेवा. थर्मामीटरनं ५ अंशांच्या खाली आल्याचं बघा. बीकर बाहेरून गार लागला म्हणजे आतलं द्रावण गार झालं असं नाही. धुण्याचं ॲसिटोन आणि इथेनॉलही त्याच बर्फात. हे विसरणारे फार. गार अवक्षेपावर (द्रावणं मिसळल्यावर तयार होणाऱ्या गाळावर) खोलीच्या तापमानाचं ॲसिटोन ओतलं की मेहनत तिथेच कोमट होते.

मिसळण्याआधी दुसरी बाजू तयार ठेवा

सर्वसाधारण कृतीत आधी मिसळतात, मग गाळायची तयारी करतात. इथे उलटं करायचं. बुकनर फनेल लावलेलं, गाळणकागद ओला करून बसवलेला, पंप चालू, ॲसिटोन हाताशी, डेसिकेटरचं झाकण सैल. मग स्टॉपवॉच. मगच मिसळणं.

एका वेळी २५ आणि २५ मिलिलिटरच घ्या. कागदावर यातून पाव ग्रॅम कार्बोनेट मिळतं, पाणी धरून ०.३ ग्रॅमच्या आत. हातात त्याहून कमी येतं. "ताई, एकदाच अर्धा लिटर करू ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो. करा, आणि मग गाळायला वीस मिनिटं लागली की काय मिळतं ते बघा. हा अवक्षेप जेलसारखा असतो, कागदाची छिद्रं बुजवतो, आणि जितका वेळ तो आपल्याच पाण्यात बसेल तितका वेळ तो स्वतःला विरघळवून व्हॅटेराईट आणि पुढे कॅल्साईट करत राहतो. खोलीच्या तापमानाला, काहीही न घालता, ही पहिली उडी काही मिनिटांत पडते. बर्फ ती लांबवतो, थांबवत नाही. सहा छोट्या खेपा करा, सहा वेळा गाळा. कंटाळवाणं आहे. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

कार्बोनेटचं द्रावण मॅग्नेटिक स्टिररवर जोरात फिरत असताना कॅल्शियमचं द्रावण एकदम ओता. थेंबथेंब नाही. थेंबथेंब ओतलं तर पहिल्या थेंबातून झालेल्या कणांवर पुढचे थेंब सावकाश वाढतात, आणि सावकाश वाढणं हीच स्फटिकाची आवडती चाल. एकदम ओतलं की क्षणात सगळं दुधासारखं होतं, थोडं घट्टही. तीस सेकंद फिरू द्या. मग फनेलमध्ये. माझा नियम असा: ओतल्यापासून पहिलं ॲसिटोन पडेपर्यंत दीड मिनिट. त्याहून जास्त लागलं तर ती खेप बाजूला ठेवते आणि बाटलीवर प्रामाणिकपणे 'उशीर' असं लिहिते. त्या 'उशीर' बाटल्या पुढे एफटीआयआर (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखायची तपासणी) शिकवायला फार उपयोगी पडतात.

धुण्यात एक पेच आहे, आणि तो पेपरात सहसा सांगत नाहीत. या अभिक्रियेत मीठही तयार होतं, साधं सोडियम क्लोराईड. मिसळलेल्या द्रावणात ते ०.१ मोलर, म्हणजे मिलिलिटरला जवळजवळ ६ मिलिग्रॅम. मीठ ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, इथेनॉलमध्येही नावापुरतंच. पाण्यानं धुवावं तर एसीसी बिघडतं. मी करते ती तडजोड: आधी पंपानं जितकं पाणी ओढता येईल तितकं ओढू द्यायचं, मग १० मिलिलिटर बर्फाळ पाणी एकदाच, तेही ओतल्याबरोबर ओढून घ्यायचं, आणि लगेच ॲसिटोन तीन वेळा, दर वेळी १५ ते २० मिलिलिटर. ॲसिटोनची बाटली आणि बर्नर एका टेबलावर नकोत, हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगते.

हे मीठ दिसतं कसं? एक्सआरडीत दोन थीटा ३१.७ अंशांना टोकदार रेघ. माझ्या नंतर आलेल्या एका मुलीनं ती रेघ बघून तीन आठवड्यांचे नमुने फेकून दिले, कॅल्साईट समजून. कॅल्साईटची मुख्य रेघ २९.४ अंशांना असते. तिचं एसीसी चांगलं होतं, फक्त खारट होतं.

सुकवणं, म्हणजे अर्धी लढाई

माझे चार महिने खरे गेले ते इथे. गाळलेला लगदा मी रात्रभर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवत होते, कारण बी.फार्म.पासून प्रत्येक अवक्षेप तसाच सुकवला होता. कोरडं एसीसी तापवलं तर ते ३०० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत तग धरतं. ओलं एसीसी ६० अंशांना एक रात्रही काढत नाही. कणांमध्ये अडकलेलं पाणी गरम झालं की तेच विरघळवतं आणि तेच पुन्हा मांडून देतं.

तर ओव्हन नको. ॲसिटोननं धुतलेली पावडर फनेलवरच पाच मिनिटं हवा ओढू द्या, मग व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये, खाली ताजं सिलिका जेल, रात्रभर. दाणे निळे असतानाच. गुलाबी झालेले दाणे म्हणजे बुजगावणं. आधी ११० अंशांना तापवून निळे करून घ्या. मग पावडर छोट्या काचेच्या कुप्यांत, झाकणावर पॅराफिल्म, आणि सगळ्या कुप्या पुन्हा एका डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. कुप्या छोट्या आणि पुष्कळ ठेवा. एकच मोठी बाटली रोज उघडली तर शेवटचा चमचा पहिल्यासारखा राहत नाही, विशेषतः जून ते सप्टेंबर. पुण्याच्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. एसीसी तर पाण्याच्या शोधातच बसलेलं असतं.

ज्यांना थोडी सवलत हवी त्यांनी मॅग्नेशियम वापरावं. कॅल्शियमच्या दहा टक्के जागी मॅग्नेशियम, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट १.३२ ग्रॅम आणि मॅग्नेशियम क्लोराईड हेक्झाहायड्रेट ०.२० ग्रॅम. मॅग्नेशियमचा आयन आपल्याभोवतीचं पाणी सहजी सोडत नाही, आणि पाणी सोडल्याशिवाय निर्जल स्फटिक बनत नाही. त्यामुळे घड्याळ थोडं हळू चालतं. पॉलिॲक्रिलिक आम्ल, पॉलिॲस्पार्टेट, फॉस्फेट यांचाही असाच उपयोग होतो. पण प्रबंधात मग 'शुद्ध एसीसी' लिहू नका.

झालं की नाही, हे त्याच दिवशी बघा

एकदा मी उत्तम खेप बनवली आणि एक्सआरडीसाठी बाहेरच्या एका मध्यवर्ती सुविधेकडे पाठवली. रांग होती. नमुना आठ दिवस कुणाच्या तरी टेबलावर, साध्या झिपच्या पिशवीत, ऑगस्ट महिन्यात. निकाल आला: कॅल्साईट, थोडं व्हॅटेराईट. मी पुन्हा पहिल्यापासून कृती बदलत बसले, कृतीत काहीच चूक नसताना. तेव्हापासून नमुना बाहेर जाण्याआधी मी स्वतः त्याची तपासणी करते, आणि परत आला की पुन्हा.

सर्वात स्वस्त तपासणी भूगर्भशास्त्र विभागात आहे. त्यांच्याकडे खडकांचे काप बघायचा ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक असतो. पेढ्याचा छोटा पुडा घेऊन जा, मला नेहमी उपयोग झालाय. काचपट्टीवर पावडर इथेनॉलच्या थेंबात पसरा आणि दोन ध्रुवक एकमेकांना आडवे करा. एसीसी काळं पडतं, कारण त्याला दिशाच नाही. कॅल्साईट झगमगतं. व्हॅटेराईटच्या गोळ्यांवर काळी फुली दिसते. फसवणूक एकच: मीठही काळं पडतं. पण मिठाचे चौकोनी तुकडे ओळखू येतात.

मग एफटीआयआर. कॅल्साईटची ७१३ ची (आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये) रेघ दिसता कामा नये. व्हॅटेराईटची ७४५ ची आणि ॲरागोनाईटची ७०० व ७१२ ची जोडीही नको. ८७५ च्या आसपासची कॅल्साईटची टोकदार रेघ एसीसीत रुंद होऊन ८६५ च्या जवळ सरकते, आणि ३३०० च्या आसपास पाण्याचा भला मोठा फुगा दिसतो. तो फुगा बघून घाबरू नका, तो हवाच. शक्य असेल तर एटीआर वापरा, त्यात पावडर तशीच ठेवून मोजता येते. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाईडची) गोळी करायची तर खलात जोर लावू नका. घोटणं, दाब आणि ओलसर केबीआर हे तिघं मिळून तुमच्या डोळ्यांदेखत स्फटिक घडवतात. मी एकाच कुपीतला नमुना एकदा एटीआरवर आणि एकदा दहा मिनिटं घोटलेल्या गोळीत बघितला होता. ७१३ ची रेघ फक्त दुसऱ्यात होती.

एक्सआरडीत टोकं नकोत. ३० आणि ४५ अंशांच्या आसपास दोन पसरट टेकड्या हव्यात. टीजीएमध्ये, म्हणजे तापवत तापवत वजन मोजताना, २५० अंशांपर्यंत वजन साधारण १५ टक्के कमी होतं, कारण एका कार्बोनेटमागे एक पाणी धरलं तर हिशोब १८ भागिले ११८ इतका येतो. २५ टक्के आलं तर तुमची पावडर नीट सुकलेली नाही.

औषध भरताना

पहिला सल्ला: हळदीचा नाद सोडा. प्रत्येकाला कर्क्युमिन भरायचं असतं, स्वस्त आहे, पिवळं दिसतं, भारतीय आहे. मीही भरलं. कार्बोनेटच्या द्रावणात टाकल्याबरोबर ते लालभडक झालं, आणि मागून सरांचा आवाज आला, "कुंकू केलंस की." हळद आणि चुना, दुसरं काय होणार? अल्कलीत कर्क्युमिन नुसतं रंग बदलत नाही, तुटतं, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के नाहीसं झाल्याची नोंद आहे. आणि ०.१ मोलर सोडियम कार्बोनेटचा पीएच ११ च्या वर असतो. मी वरच्या द्रावणात उरलेलं कर्क्युमिन मोजलं, फारच कमी निघालं, आणि आनंदानं लिहिलं: भरणक्षमता ९४ टक्के. ते भरलंच नव्हतं, ते मेलं होतं.

यातून एक नियम घ्या. वजाबाकीवर विसंबू नका. तयार पावडर १० मिलिग्रॅम मोजून आम्लात पूर्ण विरघळवा आणि आत खरंच किती औषध आहे ते मोजा. औषध पाण्यात विरघळत नसेल तर आम्ल घातलेल्या इथेनॉलमध्ये. दहा मिलिग्रॅमला ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २ मिलिलिटर पुरतं, मी १० घेते. बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच यूव्हीला (औषध किती अतिनील प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राला) लावा, नाहीतर क्युव्हेटमधले बुडबुडेच तुमचं औषध म्हणून मोजले जातील.

भरायच्या दोन वाटा आहेत. एक, कण बनतानाच औषध आत. यासाठी पाण्यापेक्षा इथेनॉलमधली वायूची पद्धत बरी. १०० मिलिलिटर ॲब्सोल्यूट इथेनॉलमध्ये १५० मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट आणि औषध विरघळवा. बाटलीच्या तोंडावर पॅराफिल्म लावून सुईनं आठ-दहा भोकं पाडा. शेजारी ५ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट उघड्या कुपीत. दोन्ही बंद डेसिकेटरमध्ये, ३० ते ४० अंशांत, एक ते दोन दिवस. बायकार्बोनेटमधून निघणारे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साईड इथेनॉलमध्ये उतरतात आणि सावकाश एसीसी बनतं. इथे सावकाश चालतं, कारण स्फटिक मांडून द्यायला पाणीच पुरेसं नाही. द्रावणाला निळसर दुधाळ झाक आली की कण बारीक आहेत असं समजा. खडूसारखा पांढरा गाळ बसला तर कण एकमेकांना चिकटलेत. झाकण फ्यूम हूडमध्येच उघडा. अमोनिया डोळ्यांत जातो. आणि इथेनॉलसाठी स्टोअरच्या रजिस्टरवर दोन दिवस आधी सही करा. उत्पादन शुल्काचा हिशोब असतो, तिथले काका १०० मिलिलिटरलाही तुमच्याकडे संशयानं बघतात.

याच धर्तीवर डॉक्सोरुबिसिन भरून वर सिलिकाचं कवच चढवल्याचं काम २०१५ साली प्रसिद्ध झालं. उघडं एसीसी पाण्यात टिकत नाही, म्हणून कवच; पीएच उतरला की आतलं कार्बोनेट विरघळतं आणि औषध बाहेर. पण डॉक्सोरुबिसिन हे पेशी मारणारं औषध आहे. त्यासाठी वेगळी हूड, दुहेरी हातमोजे आणि वेगळा कचरा यांची सोय नसेल तर पहिल्या वर्षी त्याला हात लावू नका.

दुसरी वाट, आधी सच्छिद्र एसीसी बनवून नंतर त्यात औषध मुरवायचं. उप्साला विद्यापीठातल्या गटानं २०१८ साली असं एसीसी दाखवलं: ग्रॅमला ३५० चौरस मीटरहून जास्त पृष्ठफळ, ८ ते ९ नॅनोमीटरची छिद्रं. त्यात इट्राकोनॅझोल आणि सेलेकॉक्सिब ही पाण्यात न विरघळणारी औषधं अस्फटिक स्वरूपात टिकली आणि स्फटिक औषधापेक्षा ६५ पटीपर्यंत वेगानं विरघळली. मला या विषयातला हाच भाग सर्वात आवडतो: एक अस्थिर पदार्थ दुसऱ्या अस्थिर पदार्थाला सांभाळतो. बर्फात केलेल्या आपल्या एसीसीला तेवढी छिद्रं नसतात, त्यामुळे तेवढ्या आकड्यांची अपेक्षा धरू नका. पण रीत तीच: सेलेकॉक्सिब इथेनॉलमध्ये विरघळवायचं, एसीसी टाकून बंद बाटलीत चोवीस तास ढवळायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, व्हॅक्युममध्ये सुकवायचं. मग डीएससी, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता शोषतो त्याची मोजणी. १६० अंशांच्या पुढे सेलेकॉक्सिब वितळण्याचा खड्डा दिसला तर औषध छिद्रांत नाही, बाहेर स्फटिक होऊन बसलंय.

औषध सुटतं कसं, हे मोजताना

इथे फॉस्फेट परत येतं. फार्मसीवाल्यांचा हात आपोआप फॉस्फेट बफरच्या बाटलीकडे जातो. पीएच ७.४, म्हणजे रक्ताचा, म्हटलं की फॉस्फेट. पण सुटलेलं कॅल्शियम आणि बफरमधलं फॉस्फेट मिळून कणांवर कॅल्शियम फॉस्फेटचा थर धरतो. औषध आत अडकतं आणि तुम्ही लिहिता, 'वाहक ७.४ ला उत्तम स्थिर'. ७.४ साठी हेपेस किंवा ट्रिस, ६.५ साठी एमईएस, ५ साठी ॲसिटेट घ्या. फॉस्फेटमध्ये काय होतं तेही बघायचं असेल तर जरूर बघा, रक्तातही फॉस्फेट असतंच. फक्त त्याला वेगळा प्रयोग म्हणा.

दुसरा सापळा बफरच्या ताकदीचा. ५० मिलिलिटर, २० मिलिमोलर ॲसिटेट, पीएच ५. यात आम्ल रूपात आहे फक्त ०.३६ मिलिमोल. त्यात ५० मिलिग्रॅम एसीसी टाकलं तर ते पूर्ण विरघळायला ०.८५ मिलिमोल आम्ल लागतं. बफर अर्ध्यातच संपतो, पीएच वर चढतो, सुटणं थांबतं, आणि आलेख सुंदर सपाट होतो. त्याला 'नियंत्रित मुक्तता' म्हणून छापलेलंही मी पाहिलंय. पावडर ५ मिलिग्रॅम घ्या, बफर १०० मिलिमोलर घ्या, आणि प्रयोग संपल्यावर पीएच पुन्हा मोजून वहीत लिहा. डायलिसिसची पिशवी वापरत असाल तर वर थोडी जागा सोडा. माझी एक पिशवी कार्बन डायऑक्साईडनं फुगून वर आली होती आणि अर्धी द्रावणाबाहेर तरंगत होती, रात्रभर.

आणि ही पावडर कुणी कॅल्शियमची गोळी म्हणून खाऊ नये. एसीसीचं कॅल्शियम चांगलं शोषलं जातं यावर माणसांवरचे अभ्यास आहेत, पण ते त्यासाठी बनवलेल्या आणि तपासलेल्या पदार्थावर. आपल्या फनेलवर ॲसिटोन ओतलेलं असतं.

उरलेल्या द्रावणांचं काय करायचं

औषधाचा कंटाळा आला की हे करून बघा. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या गटानं २०१६ साली एसीसी आणि पॉलिॲक्रिलिक आम्लापासून 'खनिज प्लास्टिक' दाखवलं. कॅल्शियम क्लोराईड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल दोन्ही ०.१ मोलर, एकत्र, त्यात ०.१ मोलर सोडियम कार्बोनेट ढवळत ढवळत, इथे मात्र थेंबथेंब. तळाशी पांढरा, चिकट गोळा जमतो. ॲक्रिलिक आम्लाची लांब साखळीच घ्या, रेणूभार एक लाखाच्या आसपासची. आमच्याकडे आधी छोट्या साखळीचं होतं, त्यातून नुसतं गढूळ पाणी निघालं.

तो गोळा पाण्यात दोनदा धुऊन हातमोजे घालून मळा. ताणला तर ताणतो, तुकडे केले तर एकमेकांना दाबून पुन्हा जुळतात, कणकेसारखे. काचेवर पातळ थापून दोन-तीन दिवस सुकू दिला तर कडक, पारदर्शक पापुद्रा मिळतो. पाण्यात टाकला तर पुन्हा मऊ, आम्लात टाकला तर विरघळतो. मी केलेला पहिला पापुद्रा, रुपयाच्या नाण्याएवढा, अजून टेबलाच्या खणात आहे. नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या सहा खेपा कॅल्साईट निघाल्या की मी तो त्याच्या हातात देते आणि बर्फ आणायला पाठवते.